गाडी येते चालवता, पण तू कुठला?

दिवसा कोलकाता शहरात अवजड ट्रकना मज्जाव असतो. डानकुनीला, कोना एक्सप्रेस-वेच्या कडेला त्यांच्या रांगा लागतात. ड्रायव्हर टायरच्या सावलीत चटई टाकून झोपतो, क्लीनर स्टोव्हवर डाळ चढवतो. रात्र पडली की या रांगा हलतात आणि हुगळी ओलांडून खिदिरपूरच्या गोदीकडे किंवा पोस्ता-बडाबाजाराच्या गल्ल्यांकडे निघतात. त्या वेळी केबिनमधल्या गप्पांना कान द्या. भोजपुरी ऐकू येईल, मैथिली, पंजाबी आणि मधूनच नेपाळी. ज्या शहरात घराघरांत बंगालीचा अभिमान, त्या शहरातली चाकं मात्र परमुलखातल्या माणसांनीच फिरवली आहेत. एकेकाळी कोलकात्याची टॅक्सी आणि बस म्हणजे सरदारजी असंच समीकरण होतं. भवानीपुरात त्यांची मोठी वस्ती झाली. मग बिहार आणि उत्तर प्रदेशातली माणसं आली.

ही सगळी माणसं परमुलखातली असली तरी परदेशी नव्हेत. खरा प्रश्न यापुढचा आहे. जो भारताचा नागरिकच नाही, त्याला कोलकात्यात ट्रक चालवायचं काम मिळू शकतं का?

याचं उत्तर तो कुठल्या देशाचा आहे यावर अवलंबून आहे, आणि दोन टोकांची उत्तरं आहेत.

परदेशी माणसाला भारतात नोकरी करायची तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. जी कामं करायला इथलीच माणसं आहेत, त्या कामांसाठी हा व्हिसा देत नाहीत. शिवाय पगाराची अट. आधी ती वर्षाला २५ हजार डॉलर होती, पुढे ती १६ लाख २५ हजार रुपये अशी ठरवण्यात आली. एवढा पगार देणारा ट्रकमालक कुणी पाहिलाय? म्हणजे बांगलादेशातल्या खुलन्याचा किंवा जेसोरचा ड्रायव्हर कितीही तरबेज असला, त्याची आणि कोलकात्याच्या ड्रायव्हरची भाषा एकच असली, तरी रीतसर मार्गाने तो कोलकात्याच्या ट्रकवर नोकरीला लागू शकत नाही.

गंमत पाहा, कोलकात्यापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर पेट्रापोलची सीमा आहे. जुन्या शिरीष वृक्षांच्या सावलीतून जाणारा जेसोर रोड तिथे पोचतो. भारतीय ट्रक माल घेऊन पलीकडे बेनापोलला जातात, माल उतरवतात आणि परत येतात. ड्रायव्हर त्या तेवढ्या वेळापुरता परदेशी असतो आणि गाडीच्या पासवर त्याचं भागतं. २०१५ च्या जूनमध्ये भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांनी थिंफूला वाहतुकीचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून एक ट्रक ढाक्यामार्गे थेट आगरताळ्याला चाचणीसाठी गेला. एरवी सिलिगुडी-गुवाहाटीचा वळसा घालून दीड हजार किलोमीटरच्या वर जावं लागतं, ते अंतर सुमारे ६४० किलोमीटरवर आलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पण भूतानच्या संसदेने करार अडवला आणि गाडं पुढे सरकलं नाही.

आता दुसरं टोक. नेपाळ.

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार-उदीम करणं आणि फिरणं याबाबतीत तिथल्या नागरिकासारख्याच सवलती दिल्या. त्यामुळे सीमेवर व्हिसा नाही आणि कामाचा परवाना नाही. केंद्र सरकारच्या भरतीच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी ते वाक्य पाहिलंच असेल. उमेदवार भारताचा नागरिक किंवा नेपाळचा प्रजाजन असावा, असं तिथे बिनदिक्कत छापलेलं असतं. जिथे सरकारी नोकरीला मुभा, तिथे ट्रकच्या स्टिअरिंगला कोण अडवणार? अडवतात, पण कायद्याने नव्हे. ते पुढे येईलच.

समजा, नेपाळच्या पर्सा जिल्ह्यातला एक तरुण आहे. वय बावीस-तेवीस. लहानपणापासून त्याने वीरगंजच्या रस्त्यावर कोलकात्याहून आलेले ट्रक पाहिलेत. नेपाळला समुद्र नाही. त्याचा परदेशी माल पिढ्यान् पिढ्या कोलकात्याच्या गोदीत उतरत आलाय आणि पुढे रक्सौलच्या वाटेने सातशे किलोमीटर जाऊन वीरगंजला पोचतो. २००४ मध्ये वीरगंजला रेल्वेने जोडलेला कोरडा बंदरतळ सुरू झाला, हल्ली विशाखापट्टणमहूनही माल येतो, तरी ट्रकची वाट बंद झालेली नाही. तेव्हा या मुलाच्या डोक्यात कोलकाता पक्कं बसलेलं. रक्सौलहून मिथिला एक्सप्रेसने बसायचं आणि हावड्याला उतरायचं.

काम कसं मिळतं? पेपरातल्या जाहिरातीतून नाही, हे नक्की. गावचा कुणी आधीच एखाद्या ट्रकवर असतो. त्याच्या ओळखीने मुलगा 'खलासी' म्हणून चढतो. खलासी म्हणजे आपला क्लीनर. गाडी धुवायची, मागे घेताना ओरडायचं, ताडपत्री बांधायची, रात्री मालाची राखण करायची आणि उस्तादाचा चहा आणायचा. बिहारी आणि पंजाबी ड्रायव्हरला खलासी 'उस्ताद' म्हणतो. नेपाळमध्ये ड्रायव्हरला चक्क 'गुरुजी' म्हणतात, आणि शब्द खोटा नाही. रिकाम्या रस्त्यावर पहाटे स्टिअरिंग हातात देणारा हाच त्याचा मास्तर.

दोन-तीन वर्षांत हात बसतो. मालकालाही माणूस हवाच असतो, कारण ड्रायव्हर मिळत नाहीत ही तक्रार देशभरच्या ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या तोंडी आहे. मग मालक एकच विचारतो, "लायसन्स आहे?"

इथून कागदांचा घाट सुरू होतो.

व्यावसायिक गाडीच्या लायसन्ससाठी वय वीस पूर्ण लागतं. आधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर हातात असावं लागतं. डॉक्टरचा दाखला आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्रही लागतं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. चांगलं केलं. गाडी चालवायला अक्षरओळख लागते, मार्कशीट कशाला? त्यात ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हलक्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो, त्याला वेगळा शेरा लागत नाही. नवख्या मुलाला याचा मोठा फायदा आहे. छोट्या टेम्पोपासून सुरुवात करता येते आणि मोठ्या ट्रकचं पुढे बघता येतं.

हे सगळं आपल्या मुलाला जमतं. अडतं ते पत्त्यापाशी. बेलतल्याच्या मोटार वाहन कार्यालयात असो की दुसऱ्या कुठल्या, खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "राहतोस कुठे?" हा राहतो ट्रकच्या केबिनमध्ये! भाड्याची खोली असली तरी चौघांत एक, आणि भाडेपावती कुणाच्याच नावाची नाही. आणि दुसरा प्रश्न त्याहून बिकट. "आधार कार्ड?"

आता बहुतेकांना वाटतं, परदेशी माणसाला आधार मिळत नाही. चूक. आधारचा कायदाच मुळी नागरिकांसाठी नाही, रहिवाशांसाठी आहे. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते काढता येतं. नेपाळी नागरिकाकडे पासपोर्ट असेल तर उत्तम. नसेल तर दोन कागद लागतात. एक त्याच्या देशाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, ज्याला तिकडे नुसतं 'नागरिकता' म्हणतात. दुसरा भारतातल्या नेपाळी वकिलातीने दिलेला, ठरावीक मुदतीचा फोटो असलेला ओळखीचा दाखला. कोलकात्यात नेपाळचा महावाणिज्य दूतावास अलीपूरला, नॅशनल लायब्ररीच्या परिसरात आहे. असं आधार दहा वर्षं चालतं. त्यावर तो भारतीय ठरत नाही, आणि त्याला ते ठरवायचंही नाही.

पण हा मार्ग त्याला सांगतो कोण? त्याच्या आधी तिथे दलाल पोचलेला असतो. दलाल म्हणतो, "कशाला एवढ्या भानगडीत पडतोस? रक्सौलच्या अलीकडचं एखादं गाव लाव. नाव थोडं बदल. मतदार कार्ड काढतो, मग आधार, मग लायसन्स. सगळं भारतीय. पुन्हा कुणी विचारायचं नाही."

आणि कितीतरी मुलं हो म्हणतात. चेहऱ्यावरून आणि उच्चारावरून रोज कुणी ना कुणी हटकत असतो, त्याला कंटाळून म्हणतात. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात ही एकच गोष्ट खरी घातक वाटते. ज्याला नेपाळी म्हणून राहून काम करायचा हक्क आहे, त्याने खोटा भारतीय होऊन तो हक्क गमवायचा! खोटी माहिती देऊन मतदार यादीत नाव घालणं हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. नोव्हेंबर २०२५ पासून पश्चिम बंगालमध्ये मतदार याद्यांची घरोघर फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा अशा कार्डांचं ओझं किती असतं ते पुष्कळांना कळलं असेल. आणि नेपाळ दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हे वेगळंच.

तुरुंगाचं सोडा. त्याहून वाईट शक्यता रस्त्यावर असते.

समजा, धनबादच्या पुढे रात्री अपघात झाला आणि ड्रायव्हर गेला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे पगारी ड्रायव्हरची भरपाई विम्यात धरलेली असते. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा माणूस कुठल्या देशाचा हे विचारत नव्हता, कामावर होता का एवढंच विचारत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, भरपाईचा हक्क कायम आहे. जुन्या कायद्यात हिशेब असा होता. महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरायचा. तीस वर्षांच्या माणसाच्या मागे साडेपंधरा लाखांच्या वर रक्कम येत होती. पर्सा जिल्ह्यातल्या एका खेड्यात ही केवढी रक्कम!

पण मागायला येणारी बायको नेपाळमधली, तिच्या हातातल्या कागदावर नवऱ्याचं नाव एक आणि गाव नेपाळचं. मेलेल्या ड्रायव्हरच्या लायसन्सवर नाव दुसरं आणि गाव बिहारचं. हा माझा नवरा होता, हे ती कुणाला आणि कशावरून पटवणार? दलालाने पाचेक हजारांत जे 'काम' करून दिलं, त्याची खरी किंमत ही. शिवाय पगाराचा कागद नसतोच. ट्रिपचे इतके आणि रोजच्या खुराकीचे इतके, असं तोंडी ठरलेलं. निदान महिन्याचा पगार बँक खात्यात घ्या म्हणावं, तेवढाच पुरावा.

मालकानेही यात आपलं हित पाहावं. लायसन्स खोटं निघालं तर विमा कंपनी अपघातग्रस्ताला पैसे देते आणि मालकाकडून वसूल करायला निघते. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाला दिलासा दिला खरा. त्याने योग्य ती काळजी घेतली असेल तर नुसत्या खोट्या लायसन्समुळे तो जबाबदार ठरत नाही. पण काळजी घेतली हे दिसायला हवं. आता लायसन्सचा नंबर सरकारच्या 'सारथी' यंत्रणेत पाच मिनिटांत तपासता येतो. तेवढीही तसदी न घेणारे मालक आहेत, आणि तेच पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

एक अन्याय इथे नोंदवायलाच हवा. दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिलिगुडीकडचे ड्रायव्हर नेपाळी बोलतात. ते भारतीय आहेत, पिढ्यान् पिढ्यांचे. १९८८ मध्ये गोरखालँड आंदोलनानंतर केंद्र सरकारने गोरखांच्या नागरिकत्वाबद्दल खुलासा काढला. १९९२ मध्ये नेपाळी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, म्हणजे मराठीच्याच पंक्तीला. तरीही कोलकात्याच्या नाक्यावर त्यांना "नेपाळ से आया?" ऐकावं लागतं. आपण तरी काय वेगळं करतो? सोसायटीच्या गेटवरच्या प्रत्येकाला 'बहादूर' म्हणून मोकळे होतो. तो दार्जिलिंगचा की नेपाळमधल्या अछामचा, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. आणि २०२५ च्या जूनमध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, मुर्शिदाबादकडच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून उचललं आणि सीमेपार ढकललं. ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. कागद खिशात असूनही माणूस कुठला हे भाषेवरून ठरवण्याची घाई कुठवर जाते, ते त्यात दिसलं.

पैसे घरी पाठवायचं सांगायचं राहिलं. अजूनही पुष्कळ जण रोकड कमरेला बांधून गाडीत बसतात आणि वाटेत लुटले जातात. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच भारतातून नेपाळला बँकेमार्फत पैसे पाठवायची खास योजना सुरू केली. भारतातल्या बँक शाखेतून रुपये भरायचे आणि घरच्यांनी तिकडे घ्यायचे. ही योजना अनेक नेपाळी कामगारांना ठाऊक नसते, आणि शाखेतल्या कारकुनालाही विचारल्यावरच आठवते.

आता जरा आरसा फिरवू. आपली मुलं परदेशात ट्रक चालवायला जातात तेव्हा तीही 'नागरिक नसलेले ड्रायव्हर'च असतात.

याची एक जुनी खूण कोलकात्याच्या दक्षिणेला बजबजला आहे. १९१४ मध्ये बाबा गुरदित्तसिंगांनी 'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज भाड्याने घेतलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी शीख, कॅनडाला निघाले. व्हँकूवरच्या बंदरात जहाज दोन महिने अडवून ठेवलं. मायदेशातून न थांबता थेट आलं पाहिजे, असा कावेबाज नियम कॅनडाने १९०८ मध्येच करून ठेवला होता. मूठभरांना उतरू दिलं, बाकीचे परत फिरले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी जहाज बजबजला लागलं आणि इंग्रज सरकारच्या गोळीबारात वीसेक माणसं मेली. २०१३ मध्ये तिथल्या रेल्वे स्टेशनला 'कोमागाटा मारू बजबज' असं नाव दिलं गेलं. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तोवर कॅनडाच्या लांब पल्ल्याच्या ट्रकवर पंजाबी गाणी वाजायला लागली होती.

पण तिथेही एक रात्र माणसाला परका करून टाकते. ६ एप्रिल २०१८ रोजी सास्काचेवानमध्ये एका ट्रकने थांबण्याची खूण ओलांडली आणि तो तरुण हॉकीपटूंच्या बसच्या वाटेत आला. सोळा जण गेले. ड्रायव्हर भारतातून गेलेला, कायम रहिवासाचा हक्क असलेला, पण कामावर नवखा. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मे २०२४ मध्ये त्याला देशाबाहेर पाठवण्याचा आदेश निघाला. हाच ड्रायव्हर नागरिक असता तर शिक्षा भोगून घरी गेला असता. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या एका अपघातात तिघे गेले. ट्रक भारतीय वंशाच्या परदेशी ड्रायव्हरच्या हातात होता. काही दिवसांतच अमेरिकी सरकारने ट्रक ड्रायव्हरना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. एकाच्या चुकीचा हिशेब सगळ्यांच्या नावावर मांडला गेला.

आखाताचं गणित आणखी वेगळं. तिथे दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर सरकारी तपासणीचा शिक्का लागतो आणि परदेशगमन संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. हे कार्यालय कोलकात्याला आहे, मुंबईलाही आहे. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' यंत्रणेत बघता येतं. त्याने सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. दोन-तीन लाख मागणाऱ्याला हा आकडा ऐकवून बघा. प्रवासी भारतीय विमा योजनेत पावणेतीनशे रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचा अपघात विमा मिळतो, तो तर घ्यावाच. आणि तिथल्या परवान्याशिवाय, मालकाने कितीही आग्रह केला तरी स्टिअरिंगला हात लावू नये. आखातात अपघातात माणूस दगावला तर मृताच्या घरच्यांना 'दिया' म्हणजे रक्ताची भरपाई द्यावी लागते. परवाना वैध असेल तर बहुधा विमा ती भरतो. नसेल तर ड्रायव्हर तुरुंगात राहतो आणि इकडे बायको मंगळसूत्र मोडते.

उद्या तुमच्या सोसायटीतले नेपाळी काका भाच्याला घेऊन आले आणि "साहेब, याला गाडीवर कुठे लावा" म्हणाले, तर त्याला एवढं विचारा. गावाहून 'नागरिकता' आणलीस का? त्यावरचं नाव आणि बापाचं नाव जसंच्या तसं सगळीकडे लिहितोस ना? नसेल आणली तर आधी ती घेऊन ये, लायसन्सचं मग बघू. आणि खात्याला वारस म्हणून आईचं नाव लावायला त्याच दिवशी त्याच्याबरोबर बँकेत जा. एकट्याला तो फॉर्म भरता येणार नाही.